जुनी मोटार, नवा मालक

मोटार चालते ती पदार्थविज्ञानाच्या नियमांनी, आणि बंद पडते तीही त्याच नियमांनी. नवी मोटार घेणाऱ्याला हे लवकर कळत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याला मात्र पहिल्या महिन्यातच कळते. म्हणून हा पाठ आपण जुन्या मोटारीवर बसवू या.

धाराशिव जिल्ह्यातले ढोकी हे गाव तुम्ही ऐकले असेल. तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, इथून जवळच आहे. गावातून पूर्वेला मुरूडवरून लातूरला रस्ता जातो आणि पश्चिमेला येडशीवरून बार्शीला. समजा, ढोकीतल्या एका कुटुंबाने उसाचे पैसे आल्यावर जानेवारीत एक जुनी मोटार विकत घेतली. वय बारा वर्षे, इंजिन पेट्रोलचे. घरातल्या आजोबांना दवाखान्यात नेणे, मुलीला परीक्षेला सोडणे, बाजार, लग्नकार्य, सगळी कामे या एकाच गाडीवर. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग एके दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. उन्हाळा लागला तशी ती चढावर गरम होऊ लागली. ब्रेकही पूर्वीसारखा लागत नाही असे वाटू लागले.

अशा वेळी बहुतेक घरांत काय होते? कोणी म्हणते बॅटरी बदला, कोणी म्हणते रेडिएटर बदला, कोणी म्हणते गाडीच बदला. पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो. आजच्या पाठाचे सूत्र एकच आहे: आधी मोजा, मग बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर नेमका दोष कशात होता हे कधीच समजत नाही. शिवाय तिन्हींचे पैसे द्यावे लागतात ते वेगळेच.

पहिला दिवस: ओळख करून घ्या

जुन्या मोटारीचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो. किलोमीटर दाखवणारा आकडा मागे फिरवता येतो. पण झीज मागे फिरत नाही. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्टीवरचे रबर, चालकाच्या आसनाची कड, सुकाणूचक्राचा गुळगुळीतपणा या गोष्टी पाहा. आकडा तीस हजार सांगत असेल आणि पायपट्टीचे रबर झिजून लोखंड दिसत असेल, तर रबरावर विश्वास ठेवा.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याला भेगा पडतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायलाच हवा. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की ती मर्यादा आली असे समजावे.

ज्या गोष्टी कधी बदलल्या हे माहीत नाही, त्या बदललेल्याच नाहीत असे धरून चालावे. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल या स्वस्त गोष्टी आहेत. काही इंजिनांत रबरी टायमिंग बेल्ट असतो. पिस्टन आणि झडपा यांची हालचाल एका तालात ठेवणे हे त्याचे काम. तो चालत्या गाडीत तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो. पट्टा थोडक्या पैशांत येतो. वाकलेल्या झडपांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

कागदपत्रांची तपासणीही याच दिवशी करावी. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावेत. मालकी हस्तांतरासाठी २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म असतात. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

सकाळी गाडी सुरू का होत नाही?

किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, हॉर्न वाजला. पण स्टार्टरने नुसते 'टक्' केले. घरातले म्हणाले, "दिवे लागतात म्हणजे बॅटरी आणि तारा चांगल्या आहेत, स्टार्टरच गेला." हा तर्क बरोबर आहे का?

ओहमचा नियम आठवा. विभवांतर = धारा × रोध. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली आहे आणि त्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम झाला आहे असे समजू. हा रोध अगदी क्षुल्लक वाटतो. समोरच्या ५५ वॅटच्या एका दिव्याला सुमारे ४.५ ॲम्पिअर धारा लागते. तेव्हा सांध्यात खर्ची पडणारे विभवांतर ४.५ × ०.०५, म्हणजे एक चतुर्थांश व्होल्टहूनही कमी. दिव्याला ते जाणवतही नाही. पण स्टार्टरला इंजिन फिरवण्यासाठी सुमारे १०० ॲम्पिअर धारा हवी असते. १०० × ०.०५ म्हणजे ५ व्होल्ट! बारा व्होल्टपैकी पाच जर एका मळक्या सांध्यातच खर्ची पडणार असतील, तर स्टार्टरला हवी तेवढी धारा मिळणारच नाही. दिवे लागतात हे खरे. परंतु त्यावरून सांधा चांगला आहे असे सिद्ध होत नाही. लहान धारेची परीक्षा उत्तीर्ण झालेला मोठ्या धारेच्या परीक्षेत नापास होऊ शकतो.

म्हणून स्टार्टर काढण्यापूर्वी मल्टिमीटर घ्यावा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्याने पुढील तीन मापे घ्यावीत.

१. रात्रभर उभी असलेली गाडी, सर्व बंद: चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास आली तर ती बरीच उतरलेली आहे.

२. कोणी किल्ली फिरवत असताना: बॅटरीच्या टोकांवरचे विभवांतर साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही याखाली कोसळत असेल, तर बहुधा तिचा अंतर्गत रोध वाढला आहे. ती म्हातारी झाली आहे. उलट बॅटरी १२ व्होल्टजवळ ठाम आहे आणि तरी स्टार्टर फिरत नाही, तर दोष बॅटरीच्या पुढे आहे: सांधे, जाड तार किंवा स्टार्टर. सांधे घासून घट्ट करणे हे काम फुकटात होते. म्हणून ते आधी करावे.

३. इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.३ वगैरे दिसले, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही दोन-चार दिवसांत उतरणार.

आता आणखी एक कोडे. तिन्ही मापे ठीक आहेत, पण गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. याचा अर्थ, गाडी बंद असतानाही कोणीतरी धारा पीत आहे. डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला असे समजा. त्याची धारा ५ ÷ १२ म्हणजे सुमारे ०.४२ ॲम्पिअर. बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असेल तर ३५ ÷ ०.४२ म्हणजे ८३ तास. साडेतीन दिवसांत ती पूर्ण रिकामी! चांगल्या गाडीत ही चोरटी धारा साधारणतः ०.०५ ॲम्पिअरपेक्षा कमी असते. ती मोजण्यासाठी ऋण टोकाची तार काढून मध्ये ॲम्पिअरमापक जोडतात आणि एकेक फ्यूज काढत जातात. ज्या फ्यूजसरशी आकडा एकदम खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. ही निरास-पद्धत झाली: एकेक शक्यता वगळत जाणे. मापक जोडलेला असताना किल्ली मात्र फिरवू नये. स्टार्टरच्या धारेने तो जळेल.

एक इशारा. बॅटरी भरत असताना हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ काडी ओढू नये, आणि पाना दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नये.

चढावर गाडी गरम का होते?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच कूलंट वाहून नेते. कूलंटने आणलेली उष्णता रेडिएटरमधून हवेत जाते.

आपल्या कुटुंबाने गाडी जानेवारीत घेतली होती, हे लक्षात ठेवा. त्या वेळी हवा २५ अंश सेल्सिअस आणि कूलंट ९० अंश. फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात दुपारी हवा ४२ अंश. फरक उरला ४८ अंशांचा. उष्णता जाण्याचा वेग या फरकावर अवलंबून असतो. म्हणजे त्याच रेडिएटरची शक्ती उन्हाळ्यात सुमारे पाव भागाने घटली. अर्धवट तुंबलेला रेडिएटर हिवाळ्यात उत्तीर्ण होतो आणि बालाघाटच्या चढावर मे महिन्यात उघडा पडतो. विकणाऱ्याने खोटे सांगितले असेच नाही. त्याच्याकडे तो हिवाळ्यात खरोखरच चालला असेल.

रेडिएटर तुंबतो कशाने? आपल्या भागातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळ्यांच्या आत बसतो. चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा. ॲल्युमिनिअमच्या तुलनेत या थराची उष्णतावाहकता शंभराव्या भागाइतकीही नसते. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याची सवय वाईट. शुद्ध केलेले पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरावे. ते गंजही रोखते आणि उशिरा उकळते.

आता निदान. गाडी केव्हा गरम होते हे नोंदवा. निम्मे उत्तर तिथेच मिळते.

उभी असताना किंवा बाजारात हळू चालताना गरम होते, पण मोकळ्या रस्त्यावर ठीक: वेगात वारा आपोआप मिळतो, हळू चालताना पंख्याने तो द्यायचा असतो. संशय पंख्यावर, त्याच्या फ्यूजवर किंवा तापमान-स्विचवर.

चढावर किंवा वेगात गरम होते, पण हळू चालताना ठीक: उष्णता जास्त निर्माण होते तेव्हा वाहून जात नाही. संशय तुंबलेल्या रेडिएटरवर किंवा पाण्याच्या पंपावर.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात गरम होते; वरची नळी तापलेली, खालची थंड: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा.

कूलंट कमी होते, पण खाली थेंबही दिसत नाही. तेल दुधाळ झाले आहे किंवा सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहतो: सिलिंडर हेडच्या गास्केटवर संशय. ही तक्रार असेल तर गाडी पुढे चालवू नये.

रस्त्यावरचा एक उपाय पुष्कळदा ऐकू येतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल." थर्मोस्टॅट इंजिनाला थंड ठेवत नाही, तर योग्य तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच चालते, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. तुंबलेला रेडिएटर मात्र तसाच राहतो. ताप मोजणारा तापमापक फेकून दिल्याने ताप जात नाही.

झाकण उघडू नका

ढोकीचा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढू देते. बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बार जास्त दाब असला, तर पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तुमच्या घरच्या कुकरचे तत्त्व हेच.

आता आत ११५ अंशांचे पाणी आहे आणि कोणी घाईने झाकण काढले. दाब एकदम उतरला. पाण्याला आता ९८ अंशांवर यायचे आहे. प्रत्येक किलोग्रॅममागे १७ × ४.२ म्हणजे सुमारे ७१ किलोज्यूल उष्णता जास्तीची झाली. ती वाफ करण्यात खर्च होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे ७१ किलोज्यूलमध्ये ३१ ग्रॅम वाफ होईल. आकडा लहान दिसतो ना? पण एक ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. ३१ ग्रॅमची ५० लिटरांहून अधिक वाफ झाली, तीही क्षणात आणि एका किलोग्रॅम पाण्यातून! ती उरलेले उकळते पाणी तोंडावर उडवते. म्हणून गाडी गरम झाली की बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. रेडिएटर हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये. एक भाग एकदम आकसला की धातूला तडा जातो.

हवा, धूर आणि ओढ

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलोग्रॅम हवा लागते. घनफळात सांगायचे तर नऊ-दहा हजार लिटर! उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टरांमागून जाणारी गाडी एवढ्या हवेबरोबर किती धूळ ओढत असेल, विचार करा. हवेचा फिल्टर तुंबला की ओढ कमी होते. म्हणून "गाडीला पिकअप नाही" या तक्रारीत आधी फिल्टर काढून उजेडात धरावा. त्याला पैसे पडत नाहीत.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांची सिले झिजली आहेत. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ मात्र निर्दोष. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात.

चढावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, असे होते का? मग इंजिनात दोष शोधू नका. शक्ती निर्माण होते आहे, पण चाकांपर्यंत पोचत नाही. क्लच घसरतो आहे.

ब्रेक: इथे अंदाज चालत नाही

आतापर्यंतच्या बिघाडांत पैसा आणि वेळ जात होता. ब्रेकच्या बिघाडात माणूस जातो. म्हणून बिघाड कितीही असले तरी दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा: थांबणे, वळणे आणि दिसणे पहिले, म्हणजे ब्रेक, सुकाणू व टायर, दिवे. नंतर इंजिन. रंग, गाणी आणि आसनांची कापडे सर्वांत शेवटी.

एक हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर १६.७ मीटर तिथेच गेले. चांगले ब्रेक कोरड्या रस्त्यावर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करतात. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन) = २७९ ÷ १४ = सुमारे २० मीटर. एकूण ३७ मीटर. ब्रेक निम्म्याच जोराने लागत असतील तर हे अंतर ४० मीटर आणि एकूण ५७ मीटर. आता समजा रात्रीची वेळ आहे, आणि मागे लाल दिवा किंवा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली तुम्हांला ४० मीटरवर दिसली. पहिली गाडी तिच्या मागे ३ मीटरवर थांबेल. दुसरी थांबणार नाही.

पायपट्टीवरचा जोर चाकांपर्यंत जातो तो पास्कलच्या नियमाने. द्रव दाबला जात नाही, म्हणून एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तसाच पोचतो. पण नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याच्या बाबतीत ही हमी १४० अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वायू मात्र दाबला जातो! तुम्ही पायपट्टी दाबता आणि दाबले जातात ते बुडबुडे; चाके तशीच फिरत राहतात. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतात. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, ती याच कारणासाठी.

ब्रेकची लक्षणे पायालाच कळतात. पायपट्टी स्पंजासारखी लागते: नळ्यांत हवा. दाबून धरली तर हळूहळू खाली जाते: गळती, किंवा मास्टर सिलिंडरची आतली सिले गेली आहेत. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते: एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा त्याच्या पॅडवर तेल आले आहे. करकर आवाज येतो: पॅड संपत आले आहेत. यांपैकी एकही लक्षण असेल तर गाडी घरी उभी करावी आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. ब्रेकचे काम शिकण्यासाठी रस्ता ही जागा नव्हे.

मिस्त्रीशी कसे बोलावे?

"गाडी नीट चालत नाही" असे सांगणाऱ्याला मिस्त्री अंदाजच देऊ शकतो. त्याऐवजी असे सांगा: "थंड असताना ठीक चालते. वीस मिनिटांनी, एसी लावून उभी केली की काटा चढतो. वेगात गेलो की उतरतो. आठवड्यात कूलंट कमी झालेले नाही." आता पंखा आधी पाहायचा हे त्याला सांगावे लागत नाही. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, लक्षण, काय बदलले आणि त्यानंतर काय झाले, हे लिहीत जा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. झीज डोळ्यांनी पाहिली की पुढचे निदान सोपे जाते.

२०१३ नंतरच्या बहुतेक मोटारींना यंत्र जोडून दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. ही चांगली सोय आहे, परंतु तो क्रमांक परिणाम सांगतो, कारण नव्हे. 'मिश्रणात हवा जास्त' असे यंत्राने सांगितले म्हणजे ऑक्सिजन मोजणारा संवेदक बिघडला असे नाही. एखादी रबरी नळी चिरली असेल आणि संवेदक बिचारा खरेच सांगत असेल. निरोप्याला बदलून निरोप बदलत नाही.

करून पाहा

१. सुई नसलेल्या प्लास्टिकच्या दोन पिचकाऱ्या रबरी नळीने जोडा. सर्व पाण्याने भरा, हवा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबा आणि दुसरा किती सरकतो ते मोजा. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. बोटाला काय फरक जाणवतो? तो 'स्पंजासारखा' ब्रेक.

२. बॅटरीचा एक नवा व एक वापरलेला सेल घ्या. दोन्हींचे विभवांतर आधी नुसते मोजा, मग टॉर्चचा बल्ब लावून मोजा. नुसते मोजताना जवळजवळ सारखे दिसणारे सेल बल्ब लावल्यावर वेगळे का वागतात?

३. गावातले बोअरचे पाणी, विहिरीचे पाणी आणि पावसाचे साठवलेले पाणी, प्रत्येकी अर्धा लिटर, शिक्षकांच्या देखरेखीखाली तीन स्वच्छ भांड्यांत आटवा. तळाशी राहिलेल्या थरांची तुलना करा. यांपैकी कोणते पाणी तुम्ही रेडिएटरला द्याल?

४. ताशी ८० किलोमीटर वेगाने, चांगल्या ब्रेकने आणि निम्म्या ब्रेकने, गाडी किती अंतरावर थांबेल ते वरील रीतीने काढा. मग शाळेच्या मैदानावर ती दोन्ही अंतरे पावलांनी मोजून चुन्याची खूण करा, आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत चालून पाहा.